दुसरा दिवस

लातूरमधल्या आमच्या जिमचा जिना इमारतीच्या बाहेरून चढतो. बावीस पायऱ्या, गंजलेला लोखंडी कठडा, चौदाव्या पायरीशी एक वळण, आणि त्या वळणावर उभे राहिले की वरचा काचेचा दरवाजा दिसू लागतो. गेल्या वर्षीच्या जून महिन्यात मी त्या वळणापर्यंत नऊ वेळा गेलो आणि नऊही वेळा तिथूनच परत फिरलो. तीन महिन्यांचे अडीच हजार रुपये भरलेले होते, नवे बूट घेतलेले होते, डॉक्टरांनी लिहून दिलेला कागद खिशात होता; तरीही वरून लोखंडी प्लेटा एकमेकींवर आदळल्याचा आवाज आला की पोटात गोळा येई, तळहात ओले होत, आणि छाती अशी धडधडू लागे की शेजारून उतरणाऱ्या माणसालाही ते ऐकू जाईल असे वाटे. मग मी मोबाइल कानाला लावी आणि कुणाचा तरी फोन आल्यासारखे बोलत खाली उतरे. घरी पत्नीने ‘झालं का?’ असे विचारले की ‘झालं’ एवढेच म्हणून मी आंघोळीला जात असे. इतक्या लहान गोष्टीसाठी मी तिच्याशी इतक्या वेळा पूर्वी कधी खोटे बोललो नव्हतो.

हे उघड लिहिताना संकोच वाटतो, तरी लिहितो, कारण ही धास्ती माझ्या एकट्याची नाही हे मला आता ठाऊक झाले आहे. मी एकोणीस वर्षांपासून गणित शिकवतो. ट्यूशन एरियातल्या एका वर्गात रोज शंभर-सव्वाशे मुलांसमोर उभा राहतो आणि फळ्याकडे वळताना मला कधी घाम फुटलेला नाही. त्यामुळे ‘आपला स्वभावच घाबरट’ असे म्हणून मोकळे होण्याची सोयही मला नव्हती. जो माणूस सव्वाशे मुलांच्या नजरेपुढे निवांत बोलू शकतो, त्याला दहा-बारा अनोळखी माणसांच्या खोलीत पाऊल टाकता येऊ नये, याचा अर्थ काय लावायचा, हे मला कळत नव्हते.

जिमपर्यंत येण्याची वेळ आली ती रक्ताच्या तपासणीमुळे. मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेचा अंदाज देणारी एचबीएवनसी ६.१ टक्के आली. ५.७ ते ६.४ हा टप्पा मधुमेहाच्या उंबरठ्याचा मानतात, आणि आमच्या घरात वडील आणि दोन्ही आत्या तो उंबरठा केव्हाच ओलांडून गेल्या आहेत. डॉक्टरांनी नीट वेळ देऊन समजावले की जेवणानंतर रक्तात आलेली साखर सर्वांत जास्त ओढून घेतात ते अंगावरचे स्नायू, आणि वय वाढत जाते तसे वापर नसलेले स्नायू झिजत जातात. मोठ्या माणसांनी आठवड्यात किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी आणि त्याशिवाय किमान दोन दिवस स्नायूंना ताकद लावणारा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. यातला पहिला भाग मला जमत होता. जिल्हा क्रीडा संकुलावर मी वर्षानुवर्षे चालत आलो आहे आणि तिथे मला कधी दडपण आले नाही, कारण कुणाला चालता येते की नाही हे तिथे कुणी तपासत नाही. दुसरा भाग ऐकला तेव्हा मात्र मला मधुमेहाच्या आधी तालमीतली लाल माती आठवली.

आमचे गाव औसा तालुक्यातले. मारुतीच्या देवळाला लागून दगड-मातीच्या जाड भिंतींची तालीम होती, आणि तिचा दरवाजा इतका बुटका होता की आत जाणारा वाकूनच आत जाई. माझे थोरले चुलते, ज्यांना आम्ही सगळे नाना म्हणतो, तिथले वस्ताद होते. आमच्याच जिल्ह्यातल्या रामलिंग मुदगडच्या हरिश्चंद्र बिराजदारांनी १९६९ साली महाराष्ट्र केसरी मिळवली होती, आणि त्यांचे नाव आमच्या तालमीत मारुतीच्या खालोखाल घेतले जाई. मी अकरा वर्षांचा असताना, १९९३ च्या श्रावणात, वडिलांनी मला नानांच्या हवाली केले. आखाडा नुकताच खणलेला होता. तेल, ताक, हळद आणि लिंबू मुरलेल्या त्या मातीचा आंबूस, थंड वास मला आजही जसाच्या तसा आठवतो. नानांनी माझ्या कपाळाला चिमूटभर माती लावली आणि जोर मारायला सांगितले. सातव्या जोराला माझे कोपर लटपटले आणि मी तोंडावर मातीत पडलो. मोठी मुले हसली. त्यांतला एक जण ‘काडी पैलवान’ म्हणाला आणि तो शब्द संध्याकाळपर्यंत आमच्या गल्लीत पोहोचला. नाना हसले नाहीत. त्यांनी आपल्या पंचाने माझे नाक पुसले आणि ‘उद्या ये’ एवढेच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी गेलो नाही. त्यानंतरच्या दिवशी पोट दुखत असल्याचे सांगितले, मग शाळेच्या चाचणीचे कारण मिळाले, आणि मग कुणी विचारायचेही थांबले. पुढे दोनेक महिन्यांनी, ३० सप्टेंबरच्या पहाटे, किल्लारीचा भूकंप झाला. ज्या दगड-मातीच्या भिंतींनी आमच्या भागातली हजारो माणसे झोपेत गाडली, तशाच भिंतींची आमची तालीमही बसली. आमच्या गावात जीव वाचले, आणि त्या काळात यापलीकडे कशाचे दुःख करण्याची कुणाची मनःस्थिती नव्हती. घरे उभी राहिली, शाळा उभी राहिली, तालीम राहिली नाही. मी शिकायला लातूरला आलो. लातूर पॅटर्नचे ते भराचे दिवस होते, पहाटे उठून प्रश्नपत्रिका सोडवायच्या आणि रात्री झोपताना सूत्रे आठवायची, आणि शरीर म्हणजे डोके वर्गापर्यंत वाहून नेणारे एक साधन, यापेक्षा त्याला काही मोल नव्हते. ‘हा पुस्तकाचा माणूस आहे’ असे नातेवाईक कौतुकाने म्हणत, आणि त्या कौतुकाच्या आडोशाला मी तीस वर्षे आरामात राहिलो.

हा सगळा जुना प्रसंग मला जिन्याच्या त्या वळणावर उभा असताना लख्ख आठवला असे मी म्हणणार नाही. तो नंतर, हळूहळू जुळत गेला. पण एक गोष्ट जुळल्यावर फार स्पष्ट दिसली. पहिल्या दिवशी भीती सगळ्यांनाच वाटते, शाळेत वाटते, सासरी वाटते, नोकरीत वाटते. ती कमी होते ती दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, म्हणजे तिथे पुन्हा जाऊन आपले काही बिघडले नाही हे अंगाला कळल्यावर. माझ्या भीतीला तो दुसरा दिवस मिळालाच नाही. आधी मी तो टाळला आणि मग जाण्याची जागाच उरली नाही, त्यामुळे अकरा वर्षांच्या मुलाची भीती आहे त्या अवस्थेत, बरणीत ठेवल्यासारखी, टिकून राहिली. मानसोपचारात याचे कारण अगदी साधे सांगतात. टाळल्यामुळे त्या क्षणी जे हायसे वाटते, तेच पुढच्या वेळी टाळण्याला बळ देते. मी तेराव्या पायरीवर उतरे तेव्हा छातीवरचा भार हलका होत असे. तो हलकेपणा मला सुटका वाटे, आणि प्रत्यक्षात दर वेळी तोच मला पुढच्या खेपेसाठी अधिक घट्ट बांधून ठेवत होता.

जिमच्या भीतीला वरवर पाहणारे लोक आळस म्हणतात. मला ते मान्य नाही. आळशी माणूस पहाटे सव्वापाचला उठून, बूट घालून, चौदा पायऱ्या चढत नाही. आपल्या अंगकाठीकडे इतर लोक पारखून बघतील या विचाराने येणाऱ्या चिंतेचा मानसशास्त्राने स्वतंत्रपणे विचार केला आहे. हार्ट, लिअरी आणि रेजेस्की या अभ्यासकांनी १९८९ साली ती मोजण्यासाठी बारा विधानांची एक प्रश्नावली तयार केली होती. माझ्या मनात या चिंतेबरोबर आणखी एक गोष्ट होती, ती म्हणजे रीत माहीत नसण्याची. तालमीत नवख्याला वस्ताद असतो. कुठे उभे राहायचे, मातीला पाय लावण्याआधी काय करायचे, कुणानंतर कुणी उतरायचे, हे सगळे कुणीतरी सांगते. जिममध्ये पैसे भरले की माणूस यंत्रांच्या मधोमध एकटा उभा राहतो. ट्रेनर असतो, पण वैयक्तिक लक्ष हवे असेल तर त्याची फी वेगळी. कोणत्या यंत्रावर किती वेळ बसायचे, दुसरा थांबला असेल तर काय म्हणायचे, प्लेटा कुठे ठेवायच्या, यातले काहीही भिंतीवर लिहिलेले नसते, आणि तरीही ते सगळ्यांना येत असल्यासारखे दिसते. सगळा वर्ग पुस्तक वाचून आला आहे आणि आपल्याला विषयच माहीत नाही, तशी ती अवस्था होती.

दहाव्या दिवशी मी वळणावर थांबलो आणि, बहुधा गणिताच्या सवयीने, मनगटावर बोट ठेवून नाडी मोजली. पंधरा सेकंदांत २८ ठोके, म्हणजे मिनिटाला ११२. तेवढ्यात पावसाचे टपोरे थेंब पत्र्यावर वाजू लागले आणि खालून एक तरुण दोन-दोन पायऱ्या चढत वर आला.

“सर, तुम्ही इथं? चला की वर, पाऊस यायलाय.”

सहा वर्षांपूर्वी तो माझ्या वर्गात होता. जळकोट तालुक्यातल्या एका खेड्यातून आलेला, मागच्या बाकावर बसणारा, दोन वर्षांत एकदाही हात वर न केलेला मुलगा. मी तिथे का थांबलो आहे असे त्याने विचारले नाही. त्याच्यासमोर फोनचे सोंग करणे मला शक्य झाले नाही, आणि त्याच्या मागोमाग मी उरलेल्या आठ पायऱ्या चढलो. त्या दिवशी माझे धैर्य वाढले होते असे मुळीच नाही. विद्यार्थ्यासमोर मागे फिरण्याची लाज वर जाण्याच्या लाजेपेक्षा मोठी ठरली, एवढेच.

आत गेल्यावर पहिल्यांदा दिसला तो मारुतीचा फोटो. त्याला झेंडूचा ताजा हार होता आणि खाली उदबत्तीची राख पडलेली होती. रबराच्या चटया, घाम आणि उदबत्ती असा मिसळलेला वास होता. मी भिंतीकडेच्या ट्रेडमिलवर गेलो, त्या मुलाने बटण दाखवले, आणि मी ताशी पाच किलोमीटरच्या गतीने दहा मिनिटे चाललो. उतरल्यावर पुन्हा नाडी मोजली. २९ ठोके, म्हणजे ११६.

त्या दिवशी रात्री मी पत्नीला आधीच्या नऊ दिवसांचे खरे सांगितले. ती पोळ्या लाटत होती. “अहो, मला माहीत होतं,” ती म्हणाली. “नऊ दिवस तुमचा टॉवेल कोरडाच होता.” तिने हे आधी का बोलून दाखवले नाही असे मी विचारले, तर म्हणाली, “तुम्ही रोज जात तर होतात ना.” वळणापर्यंत जाणे हेही जाणे आहे, असे मला स्वतःला कधी वाटले नव्हते.

११२ आणि ११६ हे दोन आकडे मात्र माझ्या डोक्यातून जाईनात. न चालता, केवळ भीतीने आलेले ठोके आणि चालून आलेले ठोके यांच्यात चारचाच फरक होता. शरीर दोन्ही वेळा जवळपास तेच करते. अॅड्रेनॅलिन सुटते, हृदय वेगाने चालते, श्वास वाढतो, तळहात भिजतात. फरक पडतो तो त्या धडधडीचा आपण काय अर्थ लावतो यात. अंगातल्या साध्या खुणांचा ‘आता काहीतरी भयंकर होणार’ असा चुकीचा अर्थ लावला गेला की भीती त्या खुणा आणखी वाढवते आणि वाढलेल्या खुणा भीती वाढवतात, हे चक्र इंग्लंडमधले मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ साली घाबरेपणाच्या झटक्यांविषयी मांडले. मला झटके येत नव्हते, पण ट्रेडमिलवर पहिल्या आठवड्यात छाती जोरात चालू लागली की मी हात खालच्या लाल बटणाकडे नेत असे. डॉक्टरांनी ईसीजी आधीच काढून घेतला होता आणि तो नीट होता. २२० मधून वय वजा करण्याचा ढोबळ हिशेब लावला तर माझ्या हृदयाची वरची मर्यादा १७८ च्या आसपास येत होती. ११६ वर घाबरण्याचे काही कारण नव्हते. तरी एक गोष्ट इथे ठामपणे सांगतो, की ज्यांना छातीत दुखते, चक्कर येते किंवा ज्यांच्या घरात हृदयविकार आहे, त्यांनी हा हिशेब माझ्यासारखा जिन्यात उभे राहून करू नये, आधी डॉक्टरांना दाखवावे. पुढे मी रोज वहीत ठोके लिहू लागलो. तीन आठवड्यांनी असे दिसले की व्यायामाचे ठोके होते तेवढेच राहिले आहेत आणि जिन्यातले ११२ वरून ९० च्या आसपास उतरले आहेत.

आत जाऊ लागलो म्हणून सगळे सुटले असेही झाले नाही. मी आत होतो, पण लपून होतो. कानात इयरफोन असत आणि त्यांत काहीही वाजत नसे. ते केवळ कुणी बोलू नये म्हणून. डोक्यावर टोपी असे. गर्दी टाळण्यासाठी मी सुटीच्या दिवशी दुपारी दोनला जाऊ लागलो होतो, भिंतीकडचीच ट्रेडमिल घेत होतो आणि आरशाकडे पाठ करून सगळ्यांत हलके डंबेल उचलत होतो. १९९५ साली क्लार्क आणि वेल्स यांनी सामाजिक धास्तीविषयी जे लिहिले त्यात अशा बचावाच्या सवयींना फार महत्त्व दिले आहे, आणि ते वाचल्यावर माझे मलाच उमगले. सगळे नीट पार पडले की त्याचे श्रेय मी इयरफोनला देत होतो, टोपीला देत होतो. इथे धोकाच नव्हता हे मनाला कळायला मी वावच ठेवला नव्हता. म्हणून मी एकेक आडोसा काढत गेलो. पहिल्या आठवड्यात टोपी घरी ठेवली, दुसऱ्या आठवड्यात इयरफोन. दुपारची वेळ सोडून पहाटेची गर्दीची वेळ धरायला मला दीड महिना लागला, आणि त्या दिवशी जिन्यातली नाडी पुन्हा १०८ झाली होती. दुसऱ्या दिवशी १०२. चौथ्या दिवशी मोजायचे राहून गेले.

जोडीला मी स्वतःसाठी एक नेम ठरवला. रोज कुणाला तरी एक प्रश्न विचारायचा. पहिला प्रश्न विचारला तो लॅट पुलडाऊनच्या, म्हणजे डोक्यावरची दांडी खाली ओढण्याच्या, यंत्रापाशी. वजनाच्या लोखंडी पट्ट्यांच्या थरात एक खिट्टी अडकवलेली असते. ती ज्या पट्टीत घालावी तिथपर्यंतचे वजन उचलले जाते. मला ती खिट्टी ओढता येत नव्हती आणि मी आधी दोनदा ते यंत्र तसेच सोडून गेलो होतो. शेजारच्या माणसाने सांगितले की ती आधी थोडी फिरवायची असते, मग ओढायची. त्याने फिरवून दाखवली, ओढली आणि पुन्हा आपल्या कामाला लागला. एवढेच घडले. त्या एका खिट्टीसाठी मी दोन दिवस अडून राहिलो होतो.

कुणी बघत नाही, असे नवख्याला सगळेच सांगतात, पण सांगून ते पटत नाही. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग मला या बाबतीत उपयोगी पडला. विद्यार्थ्यांना लाज वाटेल असा, एका गायकाचे चित्र असलेला टी-शर्ट घालून त्यांना इतर विद्यार्थ्यांच्या खोलीत पाठवले आणि किती जणांच्या हे लक्षात आले असेल असे विचारले. साधारण निम्म्यांच्या लक्षात आले असेल, असा त्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात जवळपास एक चतुर्थांश लोकांनीच ते पाहिले होते. आमच्या जिममध्ये पहाटे असणारी निम्मी मुले पोलीस भरतीची तयारी करणारी आहेत. मैदानी चाचणीच्या ५० गुणांपैकी २० गुण १६०० मीटर धावण्याला असतात, मुलांसाठी गोळा ७.२६० किलोचा असतो, आणि एकेका गुणावर कुणाच्या घरची दोन एकर कोरडवाहू जमीन, बहिणीचे लग्न, वडिलांचे कर्ज अवलंबून असते. ज्या मुलांच्या नजरेला मी इतका घाबरत होतो, ती मुले आरशात माझ्याकडे बघत नव्हती, भिंतीवरच्या घड्याळाच्या सेकंदकाट्याकडे बघत होती. हे कळल्यावर मला हायसे वाटण्याऐवजी आधी वाईटच वाटले.

मात्र हे मी पत्नीला सांगितले तेव्हा तिने मला तिथेच थांबवले. “तुमच्याकडे कुणी बघत नाही. आमच्याकडे बघतात,” ती म्हणाली, आणि ते खरे आहे. बायकांची जिमबद्दलची धास्ती ही नेहमीच मनाचा खेळ नसते. आमच्यासारख्या गावांत बघणारे असतात, बोलणारे असतात, आणि जिन्याखालच्या दुकानापाशी उगाच उभे राहणारेही असतात. लेडीज बॅच बहुतेक ठिकाणी सकाळी अकरानंतरची, म्हणजे पुरुषांना नको असलेल्या वेळेची ठेवतात, आणि नोकरी करणाऱ्या बाईला ती कधीच जमत नाही. तिथे भीती घालवण्याची जबाबदारी त्या बाईवर टाकणे मला अन्यायाचे वाटते. ती जबाबदारी जिम चालवणाऱ्याची आणि आम्हा बाकीच्या पुरुषांची आहे. आमच्या इथे संध्याकाळी सहा ते सात हा तास बायकांसाठी राखावा, असा अर्ज आम्ही काही जणांनी मालकांना दिला आहे. अजून उत्तर आलेले नाही. विचारत राहणार आहोत.

आणि काहींची धडधड जिमच्या दाराशी थांबत नाही, ती बँकेत, लग्नात, फोन उचलतानाही येते, झोप उडवते. त्यांनी माझ्यासारखे एकट्याने हिशेब मांडत बसू नये. टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत मिळते आणि तिथे मराठीत बोलता येते.

या वर्षी एप्रिलमध्ये सीईटीच्या उजळणीचे वर्ग लागले आणि माझे जाणे सलग सव्वीस दिवस बंद पडले. परीक्षा आटोपल्यावर पुन्हा गेलो, तेव्हा चौदाव्या पायरीवर पोटात तोच गोळा आला. दहा-अकरा महिन्यांची मेहनत वाया गेली असे क्षणभर वाटून माझे डोळे भरून आले होते. मग मी तिथे थांबलो, श्वास हळू सोडला, घेतला त्याच्या दुप्पट वेळ लावून सोडला, असे आठ-दहा वेळा केले आणि वर गेलो. गोळा गेलेला नव्हता, तो माझ्याबरोबर वर आला, आणि दुसऱ्या सेटच्या सुमारास कधीतरी विरला.

त्याच आठवड्यात त्या जळकोटच्या मुलाने मला डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरचा वजनाचा बार उचलून उभे राहणे, शिकवायला घेतली. नुसता बारच वीस किलोचा असतो. त्याला त्याने दोन्ही बाजूंनी पाच-पाच किलोच्या प्लेटा लावल्या. “सर, पाठ सरळ. खाली बघू नका, समोर बघा. बार पायाला घासून वर येऊ द्या.” तो शिकवतो फार छान, एका वेळी एकच गोष्ट सांगतो. मी त्याला म्हटले, तू इतके नीट समजावून सांगतोस, मग वर्गात कधी एकही शंका का विचारली नाहीस?

त्याने प्लेट काढता काढता सांगितले. “एकदा विचारलो होतो, सर. पहिल्याच आठवड्यात. तुम्ही म्हणलाव, हे तर आठवीत झालेलं आहे. पोरं हसली. मग नाही विचारलो.”

त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. मी आठवायचा पुष्कळ प्रयत्न केला. तो बाक आठवला, त्याचा निळा शर्ट आठवला, पण तो प्रश्न किंवा माझे ते वाक्य काही केल्या आठवले नाही. मी त्याची माफी मागितली. तो ओशाळला, “जाऊ द्या की सर,” म्हणाला आणि बारला पुन्हा प्लेटा लावू लागला. मी त्या संध्याकाळी वर्गात गेलो तेव्हा किती तरी वेळ मला फळ्याकडे पाठ करून बोलणे सुचेना.

दिवाळीत नाना आमच्याकडे आले होते. ते आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. मांडीचे स्नायू उतरले आहेत, पण कान अजून पैलवानाचे आहेत, कुस्तीत चुरगळून घट्ट झालेले. पाडव्याच्या सकाळी मी जिमहून परत आलो तेव्हा ते गॅलरीत उन्हाला बसले होते. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि बोटांच्या मुळाशी आलेल्या घट्ट्यांवरून अंगठा फिरवला.

“जोर मारतोस का?”

मी यंत्रांविषयी, बारविषयी सांगितले. त्यांनी सगळे ऐकून घेतले. “माती कुठली हाय तिथं?” असे विचारले. माती नसते, खाली रबर असते, असे सांगितल्यावर ते थोडा वेळ गप्प राहिले.

मग मी धीर करून त्यांना त्या श्रावणाविषयी विचारले. सातव्या जोराला मी पडलो होतो, मुले हसली होती, तुम्ही माझे नाक पुसले होते, असे सगळे सांगितले. ते माझ्याकडे बघत राहिले.

“तू आलतास व्हय तालमीत?”

“हो, नाना. एक दिवस.”

“मला न्हाई बा आठवत.” त्यांनी माझा हात अजून सोडला नव्हता. घट्ट्यावर अंगठा तसाच ठेवून त्यांनी विचारले, “मग दुसऱ्या दिवशी का आला न्हाईस?”

मी खांद्यावरची बॅग खाली ठेवली आणि त्यांच्या शेजारी उन्हात बसलो.